४,२९,४९,६७,२९७ : या संख्येचा विभाजक ६४१ कोठून येतो?

घातांक

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२ वा घात घ्यावा आणि त्यात १ मिळवावा, म्हणजे ही संख्या तयार होते. घात दाखवण्यासाठी या धाग्यात २^३२ अशी खूण वापरू आणि या संख्येला थोडक्यात 'फ' म्हणू. म्हणजे फ = २^३२ + १ = ४,२९,४९,६७,२९७. चर्चा शक्यतो याच एका संख्येपुरती ठेवावी अशी विनंती आहे, कारण तिच्यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पार्श्वभूमी अशी. २^१ + १ = ३, २^२ + १ = ५, २^४ + १ = १७, २^८ + १ = २५७ आणि २^१६ + १ = ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. येथे घातांक दर वेळी दुप्पट होतो. पियेर द फर्मा यांनी १६४० मध्ये फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात असे मत मांडले, की या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळ असावी. आपल्याजवळ नेमकी सिद्धता नाही, मात्र आपण पुष्कळ विभाजक निश्चितपणे बाद केले आहेत, असेही त्यांनी त्यात म्हटले होते. १६५४ मध्ये पास्कल यांना लिहिताना त्यांनी हाच प्रश्न पुन्हा काढला. पुढे १ डिसेंबर १७२९ रोजी गोल्डबाख यांनी तरुण ऑयलर यांना पत्रातून या विधानाबद्दल विचारले, आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवून दिले की मालिकेतली सहावी संख्या, म्हणजे आपली फ, ही ६४१ × ६७,००,४१७ आहे.

ही हकीकत पुस्तकांत सहसा येथेच थांबते, आणि त्यामुळे वाचकाचा असा समज होतो की ऑयलर यांनी ३, ५, ७, ११ असे करत एकेका मूळ संख्येने भागून पाहिले आणि शेवटी ६४१ हाती लागला. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, त्यामुळे तसे करणेही कोणा चिकाटीच्या माणसाला अशक्य नाही. परंतु ६४१ हा फ चा विभाजक असणे हा योगायोग नव्हे, आणि तो सापडायला ११६ भागाकार मुळीच लागत नाहीत, हे मला या धाग्यात मांडायचे आहे.

समजा प ही मूळ संख्या फ ला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागले असता बाकी −१ उरते, म्हणजे प पेक्षा एकने कमी, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ उरते. २ चा ज्या सर्वांत लहान घाताची बाकी १ येते तो घातांक ६४ चा विभाजक असला पाहिजे. तो ३२ किंवा त्याहून लहान असता, तर ६४ चे ते सर्व विभाजक ३२ लाही भागत असल्यामुळे २^३२ ची बाकीदेखील १ आली असती, पण ती −१ आहे. म्हणून तो घातांक नेमका ६४ आहे. आता फर्मा यांच्याच प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकी १ असते, म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेला पाहिजे. अर्थात प चे रूप ६४क + १ असेच असणार.

या रूपातल्या संख्या ओळीने लिहून पाहू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाच भागाकारांत काम संपते. विभाजकांचे हे रूप ऑयलर यांनी काही वर्षांनंतर सिद्धतेसह प्रसिद्ध केले.

---

वर्गमूळ

उत्तम विषय घेतला आहे. आपण ६४क + १ पर्यंत आला आहात. आणखी एक पायरी चढता येते, आणि मला तर तीच या संख्येची सर्वांत सुंदर बाजू वाटते. १८७८ मध्ये ल्यूका यांनी दाखवले की विभाजकाचे रूप ६४क + १ नव्हे, तर १२८क + १ असावे लागते. सर्वसाधारण सिद्धतेत २ ही संख्या कोणत्या मूळ संख्यांच्या बाबतीत वर्गाची बाकी म्हणून येते हा नियम वापरतात, पण आपल्या फ साठी त्या नियमाचीही गरज नाही, कारण ते वर्गमूळ प्रत्यक्ष लिहून दाखवता येते.

ब = २^८ × (२^१६ − १) घ्या. हे २५६ × ६५,५३५ = १,६७,७६,९६० होते. आता त्याचा वर्ग करू. ब² = २^१६ × (२^३२ − २^१७ + १). कंसातल्या २^३२ + १ ला फ ने (आणि म्हणून प नेही) निःशेष भाग जातो, तेव्हा तो भाग गळतो आणि उरते −२^१६ × २^१७ = −२^३३, म्हणजेच −२ × २^३२. परंतु २^३२ ची बाकी −१ आहे, म्हणून ब² ची बाकी २ येते. थोडक्यात, फ ने भागून बाकी मोजण्याच्या या अंकगणितात १,६७,७६,९६० हे २ चे वर्गमूळ आहे.

२ चा सर्वांत लहान योग्य घातांक ६४ आहे आणि ब चा वर्ग २ आहे, म्हणून ब चा घातांक १२८ ठरतो, आणि त्यामुळे प − १ ला १२८ ने भाग जावाच लागतो.

आता यादी पुन्हा पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत १२९ = ३ × ४३, ३८५ = ५ × ७ × ११ आणि ५१३ = २७ × १९. राहिल्या फक्त २५७ आणि ६४१. पैकी २५७ भागाकार न करताच बाद होते, कारण २^८ = २५७ − १, म्हणून २^८ ची बाकी −१, २^३२ = (२^८)^४ ची बाकी १, आणि फ ची बाकी २. यावरून असे म्हणता येते की ६४१ हा फ चा पहिला विभाजक तर आहेच, पण जेथे विभाजक असणे मुळात शक्य होते असे ते पहिलेच ठिकाण आहे.

---

घातांक

वर्गमूळ यांनी लिहून दिलेल्या ब चे मूल्य पाहून समाधान वाटले. हीच १२८क + १ ची अट दुसऱ्या अवयवालाही लावून पाहावी, कारण ६७,००,४१७ मूळ आहे की नाही हा प्रश्न बाकी राहतोच. तिचा कोणताही मूळ विभाजक फ चाही विभाजक असणार, म्हणून तो १२८क + १ याच रूपाचा असेल. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मध्ये येते, त्यामुळे २,५८८ पर्यंतच पाहायचे आहे. त्या मर्यादेत या रूपाच्या वीस संख्या येतात आणि त्यांपैकी मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. भागाकार केल्यास अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. सात अंकी संख्येची मूळता पाच भागाकारांत कागदावर सिद्ध व्हावी, हे एरवी कधी घडत नाही. ते येथे घडते, कारण संख्या कोठून आली हे आपल्याला माहीत आहे.

---

बाकी_शून्य

६४१ ने भाग जातो हे दोन ओळींत पटवण्याची एक रीत आहे. ६४१ = ५ × २^७ + १, आणि त्याच वेळी ६४१ = ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. पहिल्या समीकरणावरून ५ × २^७ ची बाकी −१ आहे. तिचा चौथा घात केल्यास ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. दुसऱ्या समीकरणावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. म्हणून −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ची बाकी शून्य. दहा अंकी भागाकार कोठेही करावा लागला नाही.

मात्र ही युक्ती ६४१ आधी माहीत असलेल्याच्या कामाची आहे. ती पडताळा देते, शोध घडवत नाही. विभाजक कोठे शोधावा हे सांगणारे सामर्थ्य घातांक आणि वर्गमूळ यांनी वर दिलेल्या विचारात आहे. शिकवताना बहुधा फक्त ही दोन ओळींची रीत सांगितली जाते, आणि त्यामुळे ६४१ जणू आकाशातून पडला असे विद्यार्थ्यांना वाटते. क्रम उलटा असावा असे माझे मत आहे.

---

जिज्ञासू

मला एक शंका आहे. अवयव शोधण्याची फर्मा यांची स्वतःची एक पद्धत प्रसिद्ध आहे, ज्यात संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडतात. ती त्यांनी या संख्येला का लावली नसावी? आणि लावली असती तर उत्तर मिळाले असते का?

---

घातांक

मिळाले असते, पण व्यवहारात नव्हे. ती पद्धत त्यांच्या १६४३ च्या पत्रात आढळते. संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची, आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर पुढचा पूर्णांक. फ = ३३,५०,५२९² − ३३,४९,८८८², आणि येथून बेरीज व वजाबाकी करून ६७,००,४१७ आणि ६४१ मिळतात. पण सुरुवात ६५,५३७ पासून होते, म्हणजे ३३,५०,५२९ पर्यंत पोहोचायला ३२ लाखांहून अधिक पायऱ्या लागतात. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ही पद्धत झटपट चालते, आणि येथे एक अवयव दुसऱ्याच्या दहा हजार पटींहूनही मोठा आहे.

त्यापेक्षा विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. २^३७ − १ चा २२३ हा विभाजक फर्मा यांनी १६४० मध्येच शोधला होता, आणि तो शोधताना विभाजकाचे रूप ७४क + १ असले पाहिजे हाच विचार त्यांनी वापरला होता (२२३ = ३ × ७४ + १). म्हणजे आपल्या ६४क + १ ला लागणारे सारे साहित्य त्याच वर्षी त्यांच्या हाती होते. २^३२ + १ ला तो विचार लावला असता तर पाच मूळ संख्या तपासायच्या होत्या आणि पाचवी लागू पडली असती. त्यांनी पुष्कळ विभाजक बाद केल्याचे लिहिले आहे, तेव्हा हीच यादी त्यांनी केली असावी आणि ६४१ पाशी आकडेमोड चुकली असावी, असा एक तर्क मांडला जातो. तो सिद्ध करता येत नाही, पण गणिताच्या दृष्टीने मला तो सर्वांत स्वाभाविक वाटतो.

---

वर्गमूळ

वर्गांच्या वजाबाकीऐवजी बेरीज घेतली तर फ अधिक बोलकी होते. ४क + १ या रूपाची मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते. फर्मा यांनी सांगितलेले आणि ऑयलर यांनी सिद्ध केलेले हे प्रमेय आहे. आता फ = ६५,५३६² + १² हे तर उघडच आहे, कारण ६५,५३६ म्हणजे २^१६. दुसरा एखादा प्रकार सापडला, तर फ मूळ नाही हे तेथेच सिद्ध होते. तो दुसरा प्रकार असा:

फ = ६२,२६४² + २०,४४९²

पडताळून पाहा: ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

हे दोन्ही प्रकार अवयवांतून कसे उगवतात तेही पाहण्यासारखे आहे. ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. ही नित्य समानता डायोफँटस यांच्या लेखनात सूचित आहे आणि ब्रह्मगुप्त यांच्या 'भावने'त ती अधिक व्यापक रूपात येते:

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)² = (अक − बड)² + (अड + बक)²

अ = २५, ब = ४, क = २,५५६, ड = ४०९ ठेवा. अक = ६३,९०० आणि बड = १,६३६. त्यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. अड = १०,२२५ आणि बक = १०,२२४. त्यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. चारही संख्या हजर झाल्या. फ = ६५,५३६² + १² यातला तो एक कोठून आला याचे उत्तर येथे मिळते: १०,२२५ आणि १०,२२४ या शेजारच्या संख्या आहेत, म्हणजेच २५/४ आणि २,५५६/४०९ हे अपूर्णांक एकमेकांना इतके खेटून आहेत की त्यांच्यातला फरक केवळ १/१,६३६ आहे.

उलट दिशेनेही जाता येते, आणि ती रीत ऑयलर यांची आहे. दोन प्रकारांतल्या सम संख्यांची वजाबाकी ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि विषम संख्यांची २०,४४९ − १ = २०,४४८. या दोहोंचा महत्तम सामाईक विभाजक ८. बेरजा १,२७,८०० आणि २०,४५०, त्यांचा महत्तम सामाईक विभाजक ५०. दोन्हींचे निम्मे ४ आणि २५, आणि ४² + २५² = ६४१.

जाता जाता एक निरीक्षण. २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. म्हणून फ = ६२,२६४² + १४३^४ असेही लिहिता येते. यामागे काही खोल कारण आहे असे मला दिसत नाही, पण नोंदवल्यावाचून राहवत नाही.

---

सहमूळ

वर २५७ बाद करताना जी युक्ती वापरली, ती पाचही फर्मा मूळ संख्यांना, म्हणजे या मालिकेतल्या पहिल्या पाच मूळ संख्यांना, लागू आहे. (अ − १)(अ + १) = अ² − १ हे सूत्र पुन्हा पुन्हा लावले तर

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = २^३२ − १ = फ − २

ही समानता मिळते. फ आणि फ − २ या दोन विषम संख्या असून त्यांच्यातला फरक २ आहे, त्यामुळे त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक असू शकत नाही. मालिकेतल्या कोणत्याही दोन संख्यांबाबत हेच खरे आहे. गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना लिहिताना याच गुणधर्माचा आधार घेतला होता. प्रत्येक संख्या आपला स्वतंत्र मूळ विभाजक घेऊन येते, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत हेही यातून सिद्ध होते.

आता मूळता तपासण्याविषयी, कारण तेथे ही संख्या फसवते. फर्मा यांच्या प्रमेयानुसार 'न' ही विषम संख्या मूळ असेल, तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ यायला हवी. फ ला ही कसोटी लावून पाहा. २^६४ ची बाकी १ आहे हे आपण पाहिलेच. फ − १ म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ ने भाग जातो, म्हणून २^(फ−१) ची बाकीही १. फ कसोटीला उतरते, आणि तरीही ती संयुक्त आहे. अशा संख्येला २ या आधाराची आभासी मूळ संख्या म्हणतात. इतकेच नव्हे, तर या मालिकेतली प्रत्येक संख्या याच कारणाने ही कसोटी पार करते. म्हणजे २ हा आधार येथे काहीच सांगू शकत नाही, कारण संख्याच मुळी २ पासून घडलेली आहे.

आधार ३ घेतला की चित्र बदलते. १८७७ मध्ये पेपँ यांनी या मालिकेसाठी नेमकी कसोटी दिली. आज ती सहसा ३ हा आधार घेऊन मांडतात. फ मूळ असेल तर ३^(२^३१) ची बाकी −१, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ आली पाहिजे, आणि तशी आली तर फ मूळच आहे. प्रत्यक्षात ३ चा ३१ वेळा वर्ग करत आणि दर वेळी फ ने भागून बाकी घेत गेल्यास शेवटी १,०३,२४,३०३ उरते. आणखी एकदा वर्ग केल्यास ३,०२,९०,२६,१६० येते, जेथे मूळ संख्येसाठी १ यायला हवा होता. फ संयुक्त आहे हे यावरून निर्विवाद ठरते, पण विभाजक कोणता याचा मागमूसही लागत नाही. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

---

द्विमान

संगणकाच्या बाजूने थोडी भर घालतो. द्विमान पद्धतीत फ लिहायची तर १, मग एकतीस शून्ये आणि पुन्हा १, असे तेहतीस अंक होतात. ३२ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी चिन्हविरहित संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे, म्हणजे फ − २, म्हणजेच सहमूळ यांनी दिलेला पाच मूळ संख्यांचा गुणाकार. फ त्या जागेत मावत नाही. वरचा १ गळून पडतो आणि १ एवढीच संख्या उरते.

याचा परिणाम मोठा उपयुक्त आहे. ३२ बिटांच्या अंकगणितात ६४१ × ६७,००,४१७ = १, म्हणजे या दोन संख्या एकमेकींच्या व्यस्त आहेत. समजा एखादी संख्या ६४१ ची पट आहे, म्हणजे ती ६४१ × भ आहे. तिला ६७,००,४१७ ने गुणल्यास पूर्ण गुणाकार फ × भ होतो, म्हणजे २^३२ × भ + भ. ६४ बिटांच्या या उत्तराचे वरचे ३२ बिट आणि खालचे ३२ बिट या दोन्हींमध्ये भ हाच भागाकार येतो. संख्या ६४१ ची पट नसली तरी वरच्या ३२ बिटांत भागाकाराचा पूर्णांक भाग अचूकच मिळतो, आणि हे ३२ बिटांत मावणाऱ्या प्रत्येक संख्येबाबत खरे आहे, कारण होणारी वाढ १/६४१ पेक्षा नेहमी कमी राहते आणि भागाकाराला पुढच्या पूर्णांकापर्यंत नेऊ शकत नाही. भागाकाराची आज्ञा गुणाकाराच्या आज्ञेपेक्षा संथ असते, म्हणून ठरावीक संख्येने भागायचे असल्यास संकलक (कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारी प्रणाली) अशा गुणकांचा वापर करतात. बहुतेक भाजकांसाठी गुणक शोधून त्यात वरखाली करावे लागते. ६४१ साठी मात्र ऑयलर यांनी काढलेला अवयव जसाच्या तसा चालतो.

---

जिज्ञासू

आभारी आहे, शंका फिटली. गाउस यांच्या बहुभुजाकृतींच्या प्रमेयात फर्मा मूळ संख्या येतात असे वाचले आहे. फ संयुक्त असल्याने तेथे काय फरक पडला?

---

सहमूळ

गाउस यांनी १७९६ मध्ये पट्टी आणि कंपास वापरून सुसम सतरा भुजांची आकृती रचता येते हे दाखवले आणि १८०१ च्या ग्रंथात सर्वसाधारण अट दिली. ती अट आवश्यकही आहे, याची सिद्धता १८३७ मध्ये वाँत्झेल यांनी प्रसिद्ध केली. भुजांची संख्या विषम असेल, तर ती निरनिराळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. फ मूळ असती, तर ४,२९,४९,६७,२९७ भुजांची आकृतीही रचनायोग्य ठरली असती. ती संयुक्त आहे आणि तिचे अवयव या कामाचे नाहीत. ६४१ − १ = ६४० = २^७ × ५, आणि तो ५ रचनेच्या आड येतो, कारण तेथे निव्वळ २ चा घात लागतो. परिणामी आज माहीत असलेल्या पाच फर्मा मूळ संख्यांपासून विषम भुजांच्या ३१ आकृती मिळतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ भुजांची आहे, म्हणजे फ पेक्षा बरोबर दोन भुजा कमी.

---

बाकी_शून्य

इतिहासातली एक छोटी नोंद. अमेरिकेत १८०४ मध्ये जन्मलेला झेरा कोलबर्न हा बालगणिती १८१२ मध्ये लंडनला आला असता, त्याला ४,२९,४९,६७,२९७ या संख्येचे अवयव विचारण्यात आले होते, आणि त्याने ६४१ × ६७,००,४१७ हे उत्तर मनातल्या मनात काढून सांगितले. त्या वेळी तो सात-आठ वर्षांचा होता.

---

घातांक

ही नोंद माहितीत भर घालणारी आहे. शेवटी एका तुलनेपुरते मालिकेतल्या पुढच्या संख्येकडे जातो, म्हणजे फ किती सोयीची होती हे ध्यानात येईल. २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ हिलाही ल्यूका यांची अट लागते, पण तेथे रूप २५६क + १ होते. तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ आहेत. क्लाउझेन यांनी १८५५ मध्ये गाउस यांना लिहिलेल्या पत्रात ते दिले होते, आणि लँड्री यांनी ते १८८० मध्ये स्वतंत्रपणे काढले. २,७४,१७७ = १,०७१ × २५६ + १. आपल्या फ साठी क चे मूल्य ५ पर्यंत नेले की काम झाले. तिच्या लगतच्या संख्येसाठी ते १,०७१ पर्यंत न्यावे लागते, तेही दर पायरीला वीस अंकी संख्येचा भागाकार करत, आणि म्हणूनच ऑयलर यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. त्यापुढच्या २^१२८ + १ चे अवयव १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकाच्या साहाय्याने काढले. फ पासून २^(२^३२) + १ पर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त असल्याचे आता सिद्ध झाले आहे. २^(२^३३) + १ चा निर्णय अद्याप लागलेला नाही, आणि तेथे विभाजक शोधायचा तर त्याचे रूप २^३५ × क + १ असे धरून सुरुवात करावी लागते.